रस्त्याची हजामत

२ मार्च

आज सलूनमधली खुर्ची सोडली. दोन खुर्च्यांचं दुकान. खिडकीकडची दादाची, कोपऱ्यातली माझी. दादाला म्हटलं, माणसांची डोकी पुरे झाली, आता मी रस्त्याची हजामत करणार. हातातला वस्तरा न थांबवता तो म्हणाला, "बरंय. गवताला कान नसतात. तुझ्या बडबडीतून तेवढं तरी सुटेल." खुर्चीतलं गिऱ्हाईक इतकं हसलं की कापलं जायचंच बाकी होतं.

हसा म्हणावं. नदीच्या पुलापासून जुन्या टोलनाक्यापर्यंत, हमरस्त्याच्या दोन्ही बाजूंचं गवत कापायचा ठेका माझ्या नावावर आहे. सध्या एप्रिलअखेरपर्यंत, परीक्षेपुरता. मग रस्तेखात्याच्या इंजिनिअर बाई पाहणी करणार. पसंत पडलं तर तीन वर्षांसाठी पक्का. नाही पडलं तर दादाकडे परत जावं लागेल, आणि तो एक शब्द बोलणार नाही, नुसती खुर्ची पुसून देईल. ते मला सहन व्हायचं नाही.

ही म्हणाली, "अहो, तुम्हाला गवतातलं काय कळतं?" म्हटलं, केस काय, गवत काय, वाढतं ते कापायचं. हाताखाली हिचा धाकटा भाऊ घेतलाय. धाकटा म्हणजे चाळिशीला टेकलेला. ट्रक चालवायचा, मालकाने गाड्या विकल्यापासून घरीच. अंगाने भरलेला, झोपेला जवळचा आणि बहिणीचा इतका लाडका की मी त्याला मनातल्या मनात बाळराजे म्हणतो. हिने मला दारात थांबवून बजावलं, "माझा भाऊ सकाळी जसा जाईल तसा संध्याकाळी परत आला पाहिजे. बोटभरसुद्धा कमी नको." मी वचन देऊन टाकलं. गवत कापताना कोण मरतंय?

७ मार्च

यंत्रं बघायला गेलो. दुकानदाराने एकेक दाखवायला घेतलं. ट्रॅक्टरमागे लावायचं मोठ्या पात्याचं, छताच्या पंख्यासारखं फिरणारं: काम झपाट्याने, पण वाटेतला दगड कुठे भिरकावेल नेम नाही. दुसरं लहान लहान हातोड्या टांगलेल्या फिरत्या रुळाचं: गवत कुटून काढतं, दगड झाकणाखालीच राहतात, पण चाल बैलाची. तिसरं लांब हाताचं: ट्रॅक्टर रस्त्यावर उभा आणि हात लांब वर चढावर. त्याची किंमत ऐकून मी दुसरीकडे बघायला लागलो.

आणि मग ते दिसलं. लाल रंग, ऐटदार बैठक, हातात दोन दांडे. एक पुढे ढकलला, एक मागे ओढला की जागच्या जागी गर्रकन फिरतं, अगदी सलूनच्या खुर्चीसारखं! मी बसलो, एक गिरकी घेतली आणि मला जे वाटलं ते लग्नातसुद्धा वाटलं नव्हतं. (हे हिने वाचू नये.)

दुकानदार म्हणाला, "हे सपाटीचं यंत्र आहे हो. चढावर मागची चाकं सुटली की ते कुणाचं ऐकत नाही. तुमच्या रस्त्याला चढ आहेत का?" म्हटलं, जगात चढ नसलेला रस्ता दाखवा. लांब हाताचं महागडं यंत्र गळ्यात मारायचं असलं की हे लोक असंच घाबरवतात. मला बिनपाण्याने भादरायला निघाला होता. त्याला काय माहीत, समोर कोण बसलंय.

लालच घेतलं. सोबत कडेकोपऱ्यांसाठी एक खांद्याला अडकवायचं दोरीचं यंत्र. लांब दांडा, टोकाला फिरणारी प्लॅस्टिकची दोरी, त्या दोरीनेच गवत तुटतं. कल्ले कोरायला बारीक मशीन लागतंच.

१४ मार्च

पहिला दिवस. पुलाजवळच्या सपाटीवर मी स्वतः बसलो. पात्याची उंची सगळ्यात खाली केली. काम असं झालं की हात फिरवावासा वाटावा. बाळराजे म्हणाले, "दाजी, जरा वरून कापूया का? पातं मातीला लागतंय." त्याला सांगितलं, गिऱ्हाईक खुर्चीतून उठलं की मानेवर एक केस दिसता कामा नये, ही आमच्या वडिलांची शिकवण.

दुपारी जरा गडबड झाली. पात्याखालून एक खडा सुटला आणि बसथांब्याची काच खळ्ळकन खाली आली. बाकावर कुणी नव्हतं. एक बाई नुकतीच बसमध्ये चढून गेली होती. काचा गोळा करतानाही बाळराजे मागे वळून त्या बाकाकडे बघत होते. मी त्याला समजावलं की कुणीच नव्हतं म्हणजे काहीच झालं नाही. काच मी बदलून देईन. घरी सांगायचं नाही असं ठरलं.

रात्री जेवताना हिने विचारलं, "काच केवढी होती?"

१८ मार्च

इंजिनिअर बाई अचानक आल्या. गाडीतून उतरल्या, माझी तुळतुळीत सपाटी बघितली आणि कौतुकाऐवजी कपाळाला हात लावला. "हे काय टक्कल केलंय? वीतभर गवत राहिलं पाहिजे. मुळांनी माती धरायला नको? इथे सपाटी आहे म्हणून ठीक, चढावर असं केलंत तर सगळी माती रस्त्यावर येईल. आणि बसथांब्याच्या काचेचं कळलं मला."

मी म्हटलं, मॅडम, काम नजरेत भरावं म्हणून जरा बारीक केलं. त्या म्हणाल्या, "नजरेत नको भरू दे. गाडीवाल्याला वळण दिसलं, बास." कलेची कदर सगळ्यांनाच असते असं नाही. पात्याची उंची वाढवली. वीतभर गवत सोडून निघताना मला अर्धी दाढी करून गिऱ्हाईक उठवल्यासारखं वाटतं.

२३ मार्च

आता टोलनाक्याकडचा चढ. रस्त्याच्या डाव्या अंगाला जमीन तिरपी वर जाते आणि खाली पाण्याचा चर आहे. बाळराजे चढाच्या पायथ्याशी उभे राहून बराच वेळ वर बघत बसले. मग म्हणाले, "दाजी, मला भीती वाटते."

मी सरळ विचारलं, कशाची? म्हणाला, "उलटायची." दहा चाकी ट्रक घाटातून चालवलेला माणूस! मी त्याला चांगलं अर्धा तास समजावलं. यंत्र चढासाठी नाही असं दुकानदार म्हणतो, कारण त्याला दुसरं विकायचं असतं. शिवाय दादाला मी सांगून बसलोय की आमचं यंत्र कुठेही चढतं. आता माघार घेतली तर सलूनमध्ये वर्षभर तोच विषय. मी म्हटलं, नसेल जमत तर मी बसतो. त्यावर मात्र एकदम म्हणाला, "नको, तुम्ही नको. मी बघतो." शेवटी ओशाळला.

२४ मार्च

जमलं! सकाळी त्याने मला वळणापलीकडे झेंडा घेऊन उभं केलं. म्हणाला, "दाजी, गाड्या जोरात येतात, त्यांना आवरायला तुमच्यासारखा वजनदार माणूस पाहिजे. चढाचं माझ्याकडे सोडा." दुपारी येऊन बघतो तो चढाचा एक पट्टा कापून तयार. वीतभर उंच, एकसारखा. आणि यंत्र इतकं हलकं की मातीवर चाकाची खूणसुद्धा नाही. मी दुकानदाराला मुद्दाम फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "कमाल आहे." म्हटलं, आहेच.

२ एप्रिल

चढाचं काम छान चाललंय. मी वळणावर, बाळराजे चढावर. गडी सुधारला, मी पोचायच्या आधी कामाला लागलेला असतो. लाल यंत्र पेट्रोल तर जवळजवळ पितच नाही. टाकी भरून किती दिवस झाले, काटा जागचा हलेना. मात्र खांद्यावरच्या यंत्राची दोरी भराभर संपते. मैलाच्या दगडांभोवती हा फारच नक्षी काढत असणार. त्याला म्हटलं, कल्ल्यांवर एवढा वेळ घालवू नये, गिऱ्हाईक डोकं बघतं. "बरं दाजी," म्हणाला.

९ एप्रिल

जेवताना बाळराजेंच्या हातातून पाण्याचा पेला निसटला. हात थरथरत होते. मी म्हटलं, दिवसभर बसून काम, आणि हात कसले थरथरतात? हिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचा घास पटकन घेतला. नंतर आतल्या खोलीत ती त्याच्या खांद्याला मलम चोळत बसली होती. दारातून ऐकू आलं.

"आज पण?"

"आज पण."

"अजून किती राहिलंय?"

"थोडंच, ताई."

मी आत जाऊन विचारलं, काय थोडंच? मग ही म्हणाली, "मलम." तिला म्हटलं, फार लाडावून ठेवू नकोस, यंत्रावर बसून माणसाचे खांदे दुखत नसतात.

१५ एप्रिल

दादाला मुद्दाम रस्ता दाखवायला नेलं. चढापाशी तो थांबला. खाली वाकून कापलेल्या गवताकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हे त्या लाल गाडीने कापलं?" म्हटलं, मग काय कात्रीने? तो म्हणाला, "टोकं पिंजलेली दिसतात. पात्याने कापलेलं असं दिसत नाही." जळणारा माणूस काहीतरी खोड काढणारच. बाळराजे चराच्या काठाशी उभे राहून बुटाची नाडी बांधत होते. दादाने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मेहुणा चांगला मिळालाय तुला." यात टोमणा काय होता ते कळलं नाही.

२२ एप्रिल

आज पाहणी होती. डाव्या खांद्याचं हाड मोडलंय. उजव्या हाताने एवढंच लिहितो. बाकी मग.

२५ एप्रिल

आता लिहितो. जे झालं ते जसं झालं तसं.

इंजिनिअर बाई वेळेवर आल्या. पुलापासून चालत निघाल्या. सपाटीवरचं टक्कल आता भरून आलंय, त्यावर काही बोलल्या नाहीत. चढापाशी थांबल्या. वाकून गवताची उंची पाहिली, मुळं पाहिली, माती पाहिली आणि म्हणाल्या, "काम चांगलं आहे." चांगलं! कागद काढला, पेन काढलं. तिथे मी गप्प बसलो असतो तर आज हा खांदा शाबूत असता.

पण आमच्या धंद्यात एक रीत आहे. केस कापून झाले की गिऱ्हाईकाला उठू द्यायचं नाही. आरसा घ्यायचा, मागे धरायचा, मानेचं काम दाखवायचं. त्याने मान हलवली की मगच कापड झटकायचं. तीस वर्षांत मी हे कधी चुकवलं नाही. म्हटलं, मॅडम, जरा थांबा, यंत्र चढावर कसं चालतं ते दाखवतो. त्या म्हणाल्या, "गरज नाही, काम दिसतंय मला." म्हटलं, दोन मिनिटं. महिनाभर रोज चढतंय ते.

बाळराजे धावत आले. "दाजी, आज नको. पेट्रोल कमी आहे." म्हटलं, टाकी काठोकाठ आहे, मी बघितलंय. "मग मी बसतो." म्हटलं, तू रोज बसतोस, आज मालकाला बसू दे. त्याने माझा दंड धरला. त्याच्या बोटांची पकड मला अजून जाणवते. बाईंच्या देखत मी तो झटकला. तेव्हा त्याने वाकून माझ्या कमरेचा पट्टा खटकन लावला. मी लावणार नव्हतो.

यंत्र चढाला लागलं. पहिले काही हात वर गेलं. खाली पाहिलं तर बाळराजे दोन्ही हात डोक्यावर हलवत काहीतरी ओरडत होते. इंजिनाच्या आवाजात शब्द कळेनात. मला वाटलं, शाबासकी देतोय. म्हणून मीही एक हात दांड्यावरून उचलून त्याला हात केला.

त्या यंत्रावर दोन्ही हात दांड्यावरच लागतात. एका हाताने ते गर्रकन फिरलं, खुर्चीसारखंच. मागची चाकं सुटली. मग ते माझं नव्हतं. आकाश, गवत, परत आकाश, आणि मग चराचं पाणी माझ्या डोक्याच्या खाली होतं. मी पट्ट्याला उलटा लटकलो होतो. माझ्या डोक्यामागे यंत्राचा जो लोखंडी कमानीचा दांडा असतो, तो चराच्या काठात रुतला होता, म्हणून सगळं वजन माझ्यावर आलं नव्हतं. तो दांडा झाडाच्या फांद्यांना लागतो, पाडून ठेव, असं मी बाळराजेंना कितीदा सांगितलं होतं. कधी ऐकलं नाही.

तो चरात उतरला होता. माझं डोकं पाण्याच्या वर धरून रडत होता आणि एकच वाक्य परत परत बोलत होता. "दाजी, ते कधी चढलंच नाही. एकदासुद्धा चढलं नाही."

मी विचारलं, मग गवत? तो म्हणाला, "खांद्यावरच्या मशीनने कापलं. सगळं."

२७ एप्रिल

हिच्याशी भांडलो. म्हणजे मी भांडलो. महिनाभर मला वेड्यात काढलं! तो चढावर तंगड्या तोडत उभा, आणि मी वळणावर झेंडा हलवत यंत्राची तारीफ करतोय. दुकानदाराला फोन केला मी! दादाला बोलावून आणलं!

ही शांतपणे उशी नीट करत होती. म्हणाली, "त्याला मीच सांगितलं होतं. म्हटलं, दाजींचं मन मोडू नकोस, खांदे मी चोळून देईन."

"मला खरं सांगायला काय झालं होतं?"

"खरं सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?"

मी खूप विचार केला. म्हटलं, चढून दाखवलं असतं.

"मग?" ती म्हणाली. आणि एवढं बोलून उशीवरच डोकं ठेवून रडायला लागली. "मी भावाचीच काळजी करत बसले हो. तुमची करायला हवी हे ध्यानातच आलं नाही."

तिच्या केसांवरून हात फिरवत राहिलो. पांढरे झालेत बरेच.

२९ एप्रिल

इंजिनिअर बाई घरी आल्या. चहा घेतला. म्हणाल्या, "तुमचं लाल यंत्र मी नापास केलंय. चढावर ते परत दिसलं तर ठेका गेला समजा. चढाचं काम मात्र पास आहे. फक्त ते ज्याने केलं तो माणूस मला कागदावर हवा. कुठे कोणतं यंत्र लावायचं हे त्याने ठरवायचं आणि जबाबदारीची सही त्याची. सोमवारपर्यंत सांगा, नाहीतर ठेका दुसऱ्याला देते."

म्हटलं, मॅडम, तो जरा आळशी आहे. सवयीने तोंडातून गेलं.

गंमत अशी की बाळराजेंचा पत्ता नाही. त्या दिवसापासून तो आमच्या घरी फिरकला नाही. फोन उचलत नाही. हिला त्याने एवढंच कळवलं की, "माझ्यामुळे दाजी मरता मरता वाचले, आता मला या कामात घेऊ नका."

३ मे

आज गळ्यात हात बांधून त्याच्याकडे गेलो. गॅरेजच्या वर त्याची खोली आहे, जिना अरुंद. दार त्यानेच उघडलं. अंगात बनियन होतं. दोन्ही खांद्यांवर यंत्राच्या पट्ट्याचे काळेनिळे वळ होते, जुने झालेले, कडा पिवळ्या पडलेल्या. इतके दिवस माझ्याच ताटासमोर बसून जेवत होता हा माणूस, सदरा घालून. मी ते वळ बघत दारातच उभा राहिलो. माझी मला इतकी लाज वाटली की परत फिरावंसं वाटलं.

त्याने खुर्ची पुढे केली. म्हणाला, "दाजी, मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. तुम्ही उलटे लटकला होतात ना, तेव्हा डोक्यात एवढंच होतं की ताईला काय तोंड दाखवू."

म्हटलं, पहिल्याच दिवशी सांगितलं होतंस. भीती वाटते म्हणाला होतास. मीच ऐकलं नाही. एवढं बोलायला मला फार वेळ लागला.

मग बाईंची अट सांगितली. विचारलं, तू ठरवायचंस, कोणतं यंत्र घ्यायचं? त्याने विचारसुद्धा केला नाही. "लांब हाताचं, भाड्याने. ट्रॅक्टर रस्त्यावरच राहतो, हात वर जातो. मला चढावर जावंच लागत नाही. सपाटीला हातोड्यांचं. दगड उडत नाही."

"हळू आहे ते."

"हळूच आहे."

"नफा सुटेल का?"

"थोडा सुटेल. पण रोज सुटेल."

लाल यंत्र विकून टाकायचं ठरलं. चटका बसला, खोटं कशाला बोलू. तो म्हणाला, "माझी पण एक अट आहे. कुठल्याच मशीनवर तुम्ही बसायचं नाही. कधीच." मला राग आला. मालक मी, ठेका माझा, आणि मलाच बंदी? मग त्याच्याकडे पाहिलं. हे बोलताना त्याचा आवाज कापत होता. म्हटलं, ठीक आहे. पण मग मी करायचं काय?

माझ्याकडे न बघता, खांद्यावरून सदरा ओढून घेत तो म्हणाला, "दाजी, मशीन काय, कुणीही चालवेल. धंद्याला डोकं लागतं. ते तुमचं. तुमच्याशिवाय हे उभंच राहायचं नाही."

साफ खोटं होतं. माझं मन मोडू नये म्हणून बोलत होता, महिनाभर बोलला तसंच. फरक एवढाच की या वेळी मला कळत होतं. डोळे भरून आले, ते खांद्याच्या कळेवर ढकलले.

म्हटलं, "हे बाकी खरं बोललास."